थोरल्याला पाच, धाकट्याला दोन पॉइंट चार

तीर्थस्वरूप चतुराअक्काच्या पायी पाठच्या भावाचा, म्हणजे रामकिशनचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल. दाजींचा गुडघा कसा आहे? तेलाने फरक पडला नसला तरी पडला म्हणायला सांग, चोळणाऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटतं (चोळणारी तूच, हे मला ठाऊक आहे).

अक्का, आपलं वायफाय का चालत नव्हतं ते आज सापडलं! फोनवरच सांगितलं असतं, पण रेंज फक्त गच्चीवर, आणि गच्ची वाटणीत सामायिक राहिली. तिथे बोललेलं धाकट्या सोमेश्वरच्या घरात ऐकू जातं. म्हणून हे पत्र. हरिचंदची सेनगावची जीप भरली की तो आणून देईल.

झालं असं की, उन्हाळ्यात आम्ही दोघा भावांत मिळून एकच नेट घेतलं. खांब सोमेश्वरच्या बाजूला, त्यामुळे डबा त्याच्या मधल्या खोलीत बसला. बसवणारा जळबा म्हणाला, या एका डब्यातून दोन वायफाय निघतात, एक पाचचं आणि एक दोन पॉइंट चारचं. आता आपली रीत तुला माहीत आहे, थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. शेताच्या वेळी वाटे मी पाडले आणि विहिरीचा तुकडा त्याने उचलला. मी चकार शब्द काढला नाही (काढला असेल तर पहिली दोन-तीन वर्षंच). या वेळी म्हटलं, रीत पुरे झाली, पाच माझं. दोन्हींना वेगवेगळे पासवर्ड लावून घेतले. अर्ध्याहून कमी वाटा मिळाला म्हणून सोमेश्वर तोंड पाडून बसला, आणि मला त्या दिवशी एक भाकरी जास्त गेली.

पण पाच काही धड चालेना. डबा बंद करून चालू करायला लावला. मोबाइल बदलला. तुझ्या भावजयीने तो धान्याच्या कोठीवर ठेवून पाहिला, कोठीवरून उतरवून पाहिला. खंडेनवमीला तर तिने विळ्या-खुरप्यांच्या रांगेत मोबाइल मांडून त्याची पूजा केली, आणि आपल्याकडे हळद कुणी चिमटीने वाहत नाही. ती चार्जिंगच्या भोकात गेली आणि चार्जिंगही दोन दिवस बंद पडलं. सोमेश्वरच पलीकडून काहीतरी दाबून धरतो, असा माझा पक्का संशय होता.

अशात गेल्या सोमवारी आमच्या आरोहीची मुलाखत होती, नागपूरच्या एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेची, मोबाइलवरच. पोरगी छान उत्तरं देत होती आणि मधेच चित्र थिजलं. पलीकडच्या बाई हॅलो हॅलो करत राहिल्या. आरोही रडली नाही, नुसती प्रमाणपत्रं एकेक करून फाइलीत परत लावत बसली. मला ते बघवलं नाही, अक्का. बाई भल्या, त्यांनी परवा गुरुवारी अकराची वेळ पुन्हा दिली, पण ही शेवटची म्हणाल्या.

म्हणून आज जळबाला गाठलं. त्याने दोन्ही घरं पायांनी मोजली आणि म्हणाला, "काका, पाचवालं पळतं लय, पण भिंत आडवी आली की बसून राहतं. दोन पॉइंट चारवालं दमानं चालतं, पण भिंती पार करून जातं. तुमी उलटं धरून बसले." माझ्या खोलीपर्यंत तीन भिंती (त्यातली दीड हात जाडीची मीच वाटणीत घातलेली). म्हणजे लांबच्या मला दोन पॉइंट चार पाहिजे आणि डब्याजवळच्या सोमेश्वरला पाच. इतकं सोपं! आनंदाच्या भरात मी जळबाला दोनदा चहा पाजला.

बाकी तू जाणती आहेस. लेकरांना आशीर्वाद.

तुझा
रामकिशन

ता. क. अक्का, सोमेश्वरला त्याच्या नेटवर फोन करून सांग की अदलाबदल त्याने माझ्याकडे मागावी. मी थोडे आढेवेढे घेईन, पण गुरुवारच्या आत कबूल होईन. मी मागायला गेलो तर थोरलेपण जातं, नाही गेलो तर पोरीची नोकरी जाते. तूच मधे पड.

दुसरा ता. क. हरिचंद म्हणतो, सोमेश्वरनेही सकाळीच तुझ्या पत्त्यावर एक पाकीट दिलं आहे. मी उघडलं नाही (उन्हात धरून पाहिलं, काही दिसत नाही). जीप भरायला अजून तीन माणसं कमी आहेत. तेवढ्यात जाऊनच येतो.

तिसरा ता. क. जाऊन आलो. त्याने मधल्या खोलीत, डब्याच्या बरोबर खाली, टेबल-खुर्ची मांडली आहे. मागच्या भिंतीवर तुझ्या धाकट्या भावजयीने, संगिताने, धुतलेली चादर ताणून बांधली आहे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "दादा, काहून आणलं न्हाई तिला? मी कवाचा वाट बघून राहिलो. पोरगी इथं बसली तर भिंत मधात येतीच कुठं? तुमचं पाचवालं इथं मस्त पळंल." पाकिटातही त्याने तुला हेच लिहिलं आहे, की दादाला समजाव आणि पोरीला इकडे पाठवायला सांग. मला हे सुचलंच नव्हतं, अक्का. पोरीला त्याच्या घरात बसवता येतं, हेच मी विसरून गेलो होतो.

तेव्हा गुरुवारी अकरा वाजता फोन करू नकोस. आम्ही दोघं भाऊ त्याच्या ओट्यावर राखणीला बसणार आहोत, मुलाखत संपेपर्यंत कुणालाही आत सोडणार नाही. तू आलीस तर तुझी जागा मधे ठेवली आहे.