तळं कुणाच्या बापाचं?

४ मार्च

झालं! आज सुनावणीत हॉटेलवाल्यांच्या वकिलाने माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं. आमच्या संस्थेचा अहवाल, पहिलंच पान — "हे तळं कोणाच्याही मालकीचं नाही." मग गोड हसून म्हणाला, "साहेब, ज्याला मालकच नाही ते आम्हाला भाडेपट्ट्याने द्यायला अडचण काय?"

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान डोलावली.

५ मार्च

असं लिहिलंच कसं मी? दोन वर्षं त्या तळ्याकाठी काढली. मासे मोजले, जाळ्यांची भोकं मोजली, पाण्यात कोण उतरतं, कोण थांबतं, सगळं टिपलं. घरोघरी विचारलं, तळं कुणाचं? प्रत्येकाने छाती फुगवून सांगितलं, "कुणाच्या बापाचं नाही!" म्हणजे सगळ्यांचं आहे, एकट्याने हक्क सांगायची कुणी हिंमत करू नये. हे शेंबड्या पोरालाही कळतं! मी मात्र मोठी शहाणी. अहवालात शोभत नाही म्हणून 'बाप' काढला आणि 'मालकी' घातली.

संचालक म्हणाले, "शब्दांचा घोळ आहे, मनाला लावून घेऊ नकोस." यांच्या दाराला कुठे कुंपण पडतंय!

९ मार्च

मावशीकडे गेले. नात्याची नव्हे. तळ्यावर काम असलं की मी हिच्या मागच्या खोलीत राहते. एकटी आहे, मूलबाळ नाही, अजून स्वतः जाळं टाकते. गावातलं प्रत्येक भांडण हिच्याच ओट्यावर मिटतं. मासे अंड्यावर आले की जाळं टाकायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नाही. हिने नुसते डोळे वटारले तरी पाळला जातो.

वाटलं होतं, शिव्या घालेल. तिने ताट वाढलं. "खा आधी. रडून तळं परत मिळत नसतं." मग जास्तच रडले.

१४ मार्च

गावाचा वकील म्हणतो, वाट एकच — मालक दाखवा. तळ्याची पट्टी पूर्वी गावाच्या वतीने मावशीचे सासरे भरायचे. पावत्या त्यांच्या नावाच्या आहेत. सगळ्यांनी संमती दिली तर तळं मावशीच्या नावावर लागेल आणि हॉटेलवाल्यांचं म्हणणंच उरणार नाही.

सभेत पहिला हात नावाडीकाकांचा वर! "मावशीकडे असलं काय नि आमच्याकडे असलं काय!"

मावशीच तयार होईना. "मला म्हातारीला कशाला ही ब्याद?" शेवटी मी तिचे पाय धरले. माझी चूक निस्तरायची घाई, दुसरं काय.

२ एप्रिल

सह्या झाल्या. सगळ्यांच्या.

२० एप्रिल

जिंकलो!! हॉटेलवाल्यांचा अर्ज फेटाळला. काठावर नुसता धिंगाणा. नावाडीकाका मावशीला होडीत बसवून अख्खं तळं फिरवून आले. मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

११ मे

मावशीने तळ्यात जायच्या उतारावर साखळी लावली आहे. "बाहेरचे येतात गं." खरंच येतात, म्हणून मी गप्प बसले. संचालकांना आता हे यश परिषदेत मांडायचंय. माझ्याकडून फोटो मागितलेत. साखळी न दिसणारे शोधतेय.

२७ मे

होडी कुठे बांधायची यावरून मावशी आणि नावाडीकाकांचं वाजलं. हे दरवर्षीचंच, एरवी दुसऱ्या दिवशी एकमेकांकडे चहा पितात. यंदा आठवडा झाला. काकांची होडी काठावर उलटी पडली आहे. त्यांच्या घरात चूल कशावर पेटते, गावाला माहीत आहे. कुणी मध्ये पडत नाही. भांडण मिटवायला जायचं ते ज्या ओट्यावर, भांडण तिथलंच!

२९ मे

न राहवून मीच गेले. मावशी जाळं विणत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या तळ्यात कोण उतरेल, ते मी बघीन."