बारवेच्या शेवटच्या पायरीवर

मु. भालकी
चैत्र वद्य ६, शके १८५३

चि. हणमंतास राजूअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळं ठीक म्हणून लिहायची रीत हाय, पण या खेपेला ती पाळता येत न्हाई. आपल्या धाकट्या सोजराच्या सासरी तिघांना नारू झालाय. आधी तिच्या मालकांच्या, अंकुशरावांच्या घोट्यावर फोड आला. आग व्हायली म्हणून त्यांनी पाय पाण्यात घातला, तर फोड फुटून पांढरा दोरा बाहेर आला. मग सासरे श्रीपतरावांच्या पोटरीला, आणि आता सासूबाई सत्यभामाबाईंच्या गुडघ्यापाशी. ज्वारीचं खळं तसंच पडलंय.

माझ्याही टाचेला एक हाय. मला त्याचं नवल न्हाई, लहानपणी आपण दोघांनी किती काढले. पण या गल्लीत हा रोग कुणी बघितलेला न्हाई. सत्यभामाबाई म्हणतात, नव्या सुनेनं माहेराहून आणला. तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, घागरीला हात लावायचा न्हाई. पोरीच्या अंगावर एक फोड न्हाई, आणि तेच तिच्या अंगाशी आलंय. सगळ्यांना धरलं आणि हिलाच कामून सोडलं, असं विचारायलेत. अक्षय्य तृतीया झाली की तिला माहेरी धाडणार. परत आणायचं नाव कुणी काढलेलं न्हाई.

गेल्या वैशाखात तिच्या लग्नात तू लंगडत लंगडत अक्षता वाटल्यास, तेव्हा मी तुला हसले होते. आता हसू येत न्हाई. काहीतरी कर.

तुझी,
राजूअक्का

*

मु. बिदर
चैत्र वद्य १२, शके १८५३

ती. अक्कास हणमंताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी औरादच्या बाजारात कळलं की लग्नातले दोन वाजंत्री नारूनं पडलेत, आणि उदगीरच्या मामांचाही पाय सुजलाय. म्हणजे जे जे आपल्या मांडवात तीन दिवस राहिले, ते. मला वाटलं कुणी करणी केली. गुरुपादय्या मास्तर म्हणाले, देवऋषी मागाहून बघ, आधी बारवेचं पाणी बाटलीत भर आणि बिदरच्या डाक्टरांना दाखव.

डाक्टर तरुण हायेत, दखनीत बोलतात. त्यांनी बाटली उन्हात धरली. पाण्यात रव्याहून बारीक पांढरे ठिपके उड्या मारत होते. आपण जन्मभर ते पाणी पीत आलो आणि कधी बाटलीत भरून बघितलं न्हाई.

त्यांनी समजावलं ते असं. तो दोरा म्हणजे मादी. नारूचा पाय पाण्यात गेला की ती हजारो पिलं सोडते. ते ठिपके म्हणजे जिवंत किडे; ते पिलं खातात, आणि पंधरा दिवसांत पिलं त्यांच्या पोटात तयार होतात. मग ते पाणी जो पितो त्याच्या अंगात नारू वाढतो. वर्षभर त्या माणसाला काही कळत न्हाई. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, शेजारी निजल्यानं हा रोग होत न्हाई. हे शेवटचं मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

सोजरा कामून सुटली तेही विचारलं. घर पाहुण्यांनी भरणार म्हणून ती लग्नाआधी महिनाभर शेजारच्या बसव्वाकडं राहिली होती. त्यांच्या घरी पाणी दुहेरी फडक्यानं गाळल्याशिवाय पीत न्हाईत. किडा फडक्यात अडकतो. बहुधा तेवढ्यानंच ती वाचली, असं डाक्टर म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, लग्नाचं पाणी कुणी भरलं. मी म्हणालो, मीच. ते माझ्या पायावरचे वण बघत राहिले. अक्का, लग्नाआधी महिनाभर माझ्या दोन्ही पायांना नारू होता. रोज पायऱ्या उतरून मी रांजण भरत होतो. पाण्यात पाय बुडाले की आग थांबायची, म्हणून घागर भरल्यावरसुद्धा शेवटच्या पायरीवर उभा राहायचो. डाक्टर मला काही बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

भालकीला येऊन मी हे सगळ्यांसमोर सांगणार हाय.

तुझाच,
हणमंत

*

मु. भालकी
वैशाख शुद्ध १, शके १८५३

चि. हणमंतास आशीर्वाद. वि. वि.

ये, पण तुझ्या पायाचं बोलू नको. पाणी वाईट होतं, एवढं म्हण आणि गप बस. आज ते सोजराला अपशकुनी म्हणायलेत, उद्या विष पाजणाऱ्याची बहीण म्हणतील. खरं बोलून तू मोकळा होशील, पण नांदायचं तिला हाय.

आणखी एक. नारू काडीवर रोज बोटभरच गुंडाळा म्हणून मी सत्यभामाबाईंना हात जोडून सांगितलं होतं. काल वैतागून त्यांनी दोरा ओढला आणि तो आत तुटला. गुडघा टम्म सुजलाय, ताप उतरेना. असल्या वेळी तू काय बोलशील याची मला धास्ती वाटते.

अक्का

*

मु. भालकी
वैशाख शुद्ध ११, शके १८५३

ती. अण्णास सोजराचा नमस्कार. वि. वि.

तू ओसरीवर बोलत होतास तेव्हा मी दाराआड होते. माझ्या पायातून पाण्यात गेलं, पाण्यातून तुमच्या पोटात, यात सोजराचा काही दोष न्हाई, एवढं म्हणून तू पटका काढून खाली ठेवलास. तुला कुणी बस म्हणालं न्हाई, पाणीसुद्धा विचारलं न्हाई. मीही बाहेर आले न्हाई. ते मला फार लागलंय.

तू गेल्यावर यांनी मला नावानं हाक मारून पाणी मागितलं. माझ्या हातानं भरलेला तांब्या सासूबाईंसमोर तोंडाला लावला, आणि म्हणाले की ज्याला लपवायचं असतं तो एवढ्या लांब चालून येत न्हाई. मामंजींनी मान हलवली. त्या दिवसापासून घागर माझ्याकडं हाय.

सासूबाईंचा ताप गेला. गुडघा मात्र वाकेना; वैद्य म्हणतात आता असाच राहील. त्या म्हणाल्या, सून राहू दे, पण तिचा भाऊ या उंबऱ्याला पुन्हा नको. मी त्यांचा पाय शेकत होते तेव्हाच म्हणाल्या. मी काही बोलले न्हाई. अण्णा, मला बोलायला पाहिजे होतं का?

अक्का तुझ्यावर चिडलीय, पण तुझ्यासाठी बांधलेली भाकरी तशीच राहिली म्हणून रडली.

तुझी,
सोजरा

*

मु. लिंबवाडी, संतपूरशेजारी
ज्येष्ठ वद्य ४, शके १८५३

चि. सोजरास अण्णाचे आशीर्वाद. वि. वि.

तू गप बसलीस ते बरं केलंस. त्यांचं म्हणणं चूक न्हाई.

इथं मी गाव जमवून बारवेचं सांगितलं, खालच्या पायऱ्या बुजवू म्हणालो. काहीजण हसले. नारू देवाचा, त्याला वर्षाला यायचंच, असं म्हणाले. वाडवडिलांपासून चालत आलेल्या पायऱ्या बुजवणारा तू कोण, असं अंबाजी पाटील म्हणाले. मग बसव्वा बायकांमधून उठली आणि तिनं विचारलं की माझ्या घरात आजवर कुणाला नारू झालेला बघितलाय का. कुणाला आठवेना. दुसऱ्या दिवसापासून निम्म्या घरांत फडकी लागली.

पायऱ्यांचं गावाला पटवण्यात पंधरा दिवस गेले. शेवटी निंगप्पा गवंडी आणि मी दोघांनीच दगड रचायला घेतले, तेव्हा पाटील स्वतः पाटी घेऊन आले. आता पाण्यापर्यंत कुणाला उतरता येत न्हाई, वरून रहाटानं ओढायचं. पाण्याला येणारी चंद्रम्मा रोज मला शिव्या घालत दोर ओढते आणि हाताचे फोड दाखवते. मी ऐकून घेतो.

पुढच्या उन्हाळ्यात नारू निघतीलच. ते यंदाच्या पाण्याचे. खरं काय ते त्याच्या पुढच्या वर्षी कळेल.

पंचमीला मला येता येणार न्हाई. अक्काकडं लुगडं पाठवलंय. सासूबाईंना जप.

तुझा,
अण्णा

*

मु. भालकी
वैशाख शुद्ध ७, शके १८५५

श्री. हणमंतराव यांस सत्यभामाबाईचा नमस्कार. वि. वि.

मला लिहिता येत न्हाई. मी सांगते तसं तुमची बहीण लिहायलीय, आणि मधे थांबून माझ्याकडं बघायलीय. तेही लिही, असं मी म्हणाले.

तुमच्या वाडीत या उन्हाळ्यात एकालाही नारू झाला न्हाई, असं राजूबाईंनी सांगितलं. माझा विश्वास बसेना. मी गाडीवानाला मुद्दाम पाठवून घरोघरी विचारून घेतलं. खरं निघालं.

माझा पाय काठीसारखा ताठ हाय. जेवताना तो पुढं पसरून बसावं लागतं, चार बायकांत लाज वाटते. देवळाच्या पायऱ्या दोन वर्षांत चढले न्हाई. माफ केलं असं या पत्रात घालू नको म्हणून सोजराला बजावलंय.

पण तिला सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि न्यायला भावानंच यायचं. गडी पाठवाल तर तिला पाठवणार न्हाई. येत्या सोमवारी गाडी घेऊन या, जेवून मग निघा.

मी ओसरीवरच असते. मला उठता येत न्हाई, तेव्हा तुम्हीच जवळ या.

सत्यभामाबाई