बाबांच्या क्लॅरिनेटचं रेकॉर्डिंग

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत, जिना अजून कठड्याला धरून आडवे उतरता का, आणि मोतीबिंदू काढल्यावर नंबर किती आला, ते सवडीनं कळवावं. नंबर कळवलात तर चष्मा मीच पाठवीन. सख्खा भाचा भिंगं घासण्यात हयात घालवतोय आणि मामा दुसऱ्याच दुकानातला चष्मा लावून फिरतोय, हे बरं दिसत नाही. यापुढे मी ‘आम्ही इकडे सगळे मजेत’ असं लिहिलं होतं, कारण तसं लिहायची पद्धत आहे. मग ते खोडलं. (वर जी जाड काळी रेघ दिसते आहे ती तीच. शाई सांडली असं समजू नये.)

अकरा वर्षांनी पत्र लिहितोय, त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. तुमचं नि बाबांचं बोलणं बंद झालं तेव्हा मीही तुमच्याशी बोलायचं नाही, असं कुणी मला सांगितलं नव्हतं. पण तुम्ही पियानोचं झाकण लावून ग्रंथालयाच्या हॉलमधून जे निघून गेलात, त्यानंतर घरात तुमचं नाव काढलं की बाबा उठून क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती बदलायला बसायचे. त्या काळात एवढ्या पत्त्या वाया गेल्या की मी तुमचं नाव काढणं सोडून दिलं. आई असती तर तिनं तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून मिटवलं असतं. ती गेल्यावर मध्ये बसायला कुणी उरलं नाही, आणि एका धुनेच्या लयीवरून दोन शहाणी माणसं अकरा वर्षं गप्प राहिली.

तर बातमी अशी की बाबांच्या घशात गाठ निघाली आहे. आवाज बसला म्हणून वैद्य, काढे, गुळण्या सगळं झालं (दोन महिने त्यात गेले, ती चूक माझी), मग घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. पुढच्या सोमवारी, म्हणजे सतरा तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर भले गृहस्थ आहेत. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. श्वास आता नाकातोंडातून न येता गळ्याला ठेवलेल्या भोकातून येणार, त्यामुळे बोलता येणार नाही, असं हळूहळू, शब्द निवडून सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बोलण्याचं ठीक आहे. फुंकायचं कसं?’ डॉक्टरांना वाटलं ते चहाबद्दल विचारतायत. मी म्हणालो, ‘क्लॅरिनेट वाजवतात.’ त्यावर डॉक्टरांनी चित्राला आणखी दोन रेघा मारल्या, ज्यांचा काहीही उपयोग नव्हता, आणि मग पेनाचं टोपण लावलं.

घरी येताना मी ठरवलं की बाबांचं वादन रेकॉर्ड करून ठेवायचं. तुम्ही दोघांनी जोडीनं वाजवलं त्या तेवीस वर्षांत हे कुणाला सुचलं नाही, कारण पुढच्या शुक्रवारी पुन्हा वाजवणारच होतात. मी छोटा डिजिटल रेकॉर्डर घेतला. साबणाच्या वडीएवढा आहे आणि वर माइकचे दोन कान आहेत, ससा घाबरल्यावर करतो तसे. दुकानदारानं पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. मी पंधराही मिनिटं मान डोलावली आणि डोक्यात मात्र डॉक्टरांचं चित्र होतं. त्याची फळं पुढे आलीच.

पहिला प्रयत्न घरीच, बैठकीत. तुमच्या भाचेसुनेनं फ्रीज बंद केला, घड्याळ काढून गादीखाली ठेवलं, शेजारच्या बाईंना तासभर मुलांना पळू देऊ नका म्हणून सांगून आली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकायला लागला, मी बोटानं खूण केली. मामा, बाबांनी चाळीस मिनिटं वाजवलं. मध्ये थांबले नाहीत, पाणी मागितलं नाही. एवढं चांगलं त्यांनी गेल्या पाच वर्षांत वाजवलं नसेल (हे माझं मत, मला संगीतातलं किती कळतं ते तुम्ही जाणता). संपल्यावर आम्ही तिघं रेकॉर्डरभोवती बसलो आणि आत काहीच नव्हतं. माहितीपुस्तक काढलं. दिवा लुकलुकत असला तर यंत्र तयार आहे, सुरू नाही. सुरू करायला तेच बटण दुसऱ्यांदा दाबायचं, मग दिवा स्थिर होतो. हे बारावं पान. ही चूक जगभर सगळे करतात म्हणून त्यांनी ते चौकटीत छापलं आहे, म्हणजे माझ्यासारखे पुष्कळ असावेत, पण त्यांचे वडील पुन्हा वाजवू शकत असतील. बाबा चिडले नाहीत. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करत म्हणाले, ‘म्हणजे ते एवढा वेळ माझीच वाट बघत होतं.’ आणि फ्रीज सुरू करायला स्वतः उठले. त्या रात्री मी जेवलो नाही. जेवलो नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण कुणीच जेवलं नाही.

दुसरा प्रयत्न ग्रंथालयाच्या हॉलमध्ये, गेल्या शनिवारी दुपारी. ग्रंथपालांनी चाळीसेक खुर्च्या मांडल्या होत्या आणि भरल्याही होत्या, कारण बातमी पसरली होती. लोक अशा चेहऱ्यानं आले होते की बाबा दारातच मला म्हणाले, ‘मी अजून आहे म्हणून सांग यांना.’ पियानो अजून तिथंच आहे, फक्त झाकणावर आता परत आलेली पुस्तकं रचतात. मी त्यातली चार बाजूला करून रेकॉर्डर तिथं ठेवला. बाबा बघत राहिले, मग म्हणाले, ‘त्याच्या जागेवरच ठेवायचा होता का?’ पण हलव म्हणाले नाहीत. या खेपेला मी बटण दोनदा दाबलं, दिवा स्थिर झाला याची ग्रंथपालांकडूनही खात्री करून घेतली. आधी आवाजाची पातळी ठरवायची असते. त्यासाठी मी बाबांना थोडं वाजवून दाखवा म्हणालो, तर हॉलमध्ये लोक स्थिरस्थावर होतायत, त्यांना त्रास नको म्हणून बाबांनी अगदी हलकं, दबक्या सुरात वाजवलं. मी त्या हिशेबानं पातळी चढवून ठेवली. आणि नंतर बाबांनी जे वाजवलं ते दबकं नव्हतं, मामा. मागच्या भिंतीपर्यंत गेलं. ते मी कानांनी ऐकलं म्हणून सांगतोय, कारण रेकॉर्डरवर नुसतं कापड फाटल्यासारखं ऐकू येतं. सगळ्या धुना, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जुनी चादर कुणी फाडत असावं तशा. मध्ये एका ठिकाणी तिसऱ्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर खोकतात. तो खोकला अप्रतिम आला आहे. छातीतला कफसुद्धा वेगळा ऐकू येतो.

हे मी बाबांना दोन दिवस सांगितलं नाही. ‘चांगलं आलंय, साफ करतोय’ म्हणत राहिलो. मग त्यांनी माझ्या कानातले इअरफोन काढून आपल्या कानात घातले, अर्धा मिनिट ऐकलं, परत दिले आणि विचारलं, ‘रिकामी खोली कुठं मिळेल?’

तिसरा प्रयत्न परवा, आमच्या दुकानात. साप्ताहिक सुट्टी होती आणि मालकांनी चावी दिली. डोळे तपासायची खोली तुम्ही पाहिलेली नाही. लांबट आणि अंधारी आहे, दोन्हीकडे जाड काळे पडदे, त्यामुळे आवाज घुमत नाही, नुसता पडतो. बाबांना रोग्यांच्या खुर्चीत बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता पेटलेला होता. सांगायला हरकत नाही की या खेपेला माझ्याकडून एकही चूक झाली नाही. बटण दोनदा. दिवा स्थिर. पातळी सर्वांत मोठ्या सुरावर ठरवलेली. नव्या बॅटऱ्या, रिकामं कार्ड, कानात इअरफोन. बाबांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं, तीन सूर वाजवले आणि चौथ्याला श्वास पुरला नाही. थांबले. पुन्हा लावलं, पुन्हा तीनच. असं पाच-सहा वेळा झालं. मग त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं आणि समोरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचायला लागले. मी म्हणालो, उद्या करू. ते म्हणाले, ‘उद्याही हेच होईल. शनिवारी सगळं खर्च केलं मी.’

त्यानंतर बराच वेळ आम्ही तसेच बसून होतो आणि ते थोडंफार बोलले. काय बोलले ते विशेष नाही.

तर तुम्हांला त्रास द्यायचं कारण एवढंच, की तुमच्या पेटाऱ्यात किंवा माळ्यावर एखादी जुनी कॅसेट असेल, दोघांनी वाजवताना कधी सहज लावून ठेवलेली, तर ती पाठवावी. खरखर असली तरी चालेल. नसेल तरी हरकत नाही. गुडघ्यांची काळजी घ्यावी, जिन्यावर घाई करू नये.

तुमचा,
भाचा

ता. क. कॅसेट हे निमित्त आहे. तुमच्याकडे कॅसेट नाही हे मला ठाऊक आहे. लावली असती तर ती कुठल्या लयीत ऐकायची यावरून तेव्हाच वाजलं असतं. पाकिटात नखाएवढं काळं कार्ड आहे, ते कुठल्याही कॉम्प्युटरवर लागतं. परवा त्या खोलीत मी रेकॉर्डर बंद केला नव्हता. नऊ मिनिटांनंतर बाबा म्हणतात की त्या धुनेचा पहिला भाग तुम्ही सांगत होतात तसाच संथ घ्यायला हवा होता, त्यांना ते त्याच आठवड्यात कळलं होतं, पण तोवर तुम्ही गाव सोडलं होतं. मग ते तो भाग गुणगुणून दाखवतात, तुमच्या लयीत, पायानं ठेका धरून. आवाज घोगरा आहे पण प्रत्येक सूर नीट आला आहे. नंतर त्यांच्या लक्षात आलं आणि म्हणाले, पुसून टाक, त्याच्या हाती लागलं तर त्याला आभाळ ठेंगणं होईल. यंत्रानं विचारलं, नक्की पुसू? मी यंत्राला नाही म्हणालो आणि बाबांना हो.

ता. क. दुसरा. पाकीट आणायला आत गेलो तेवढ्यात बाबांनी हे पत्र टेबलावरून उचलून अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्यांनी पेन्सिलनं खाली लिहिलं आहे, ते तसंच राहू देतो:

‘मेहुण्यास कळावे की कबुली पहिल्या भागापुरतीच आहे. दुसरा भाग दोनदाच वाजवायचा असतो, याबद्दल माझे मत कायम आहे. का, ते पत्रात सांगता येणार नाही. — दाजी’

ता. क. तिसरा. मामा, या. सोमवारनंतर तुम्ही दोघं भांडलात तरी एकट्यालाच बोलावं लागेल, आणि ते तुम्हांला शोभणार नाही. स्टेशनवर मी येतो, जिन्यावरून न नेता मालाच्या फाटकाकडून बाहेर काढतो. फक्त संध्याकाळच्या गाडीनं येऊ नका. बाबांचा आवाज हल्ली सकाळी दहा-साडेदहापर्यंतच टिकतो. पहाटेची गाडी धरा.