काचेवरचा अभिषेक

१९ जून १९८४
गाडी चरीत घातली. हातकणंगल्याच्या अलीकडे. पाऊस धरला म्हणून वायपर लावला आणि समोरची काच ताकासारखी पांढरी झाली. वायपर पुसत नव्हता, सारवत होता. दूधवाला सायकलवरून आडवा चाललाय हे त्याच्या किटल्या वाजल्या तेव्हा कळलं. स्टिअरिंग ओढलं. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा. आपलं मडगार्ड गेलं. शिरोळला पोचलेच नाही.

घरी आल्या आल्या अण्णांनी हात पुढे केला. थोरले दीर म्हणजे या घरातलं हायकोर्ट. किल्ली दिली. "बायकांचं काम न्हाय हे. मी आधीच बोललो हुतो."

हे कॉटवर पडून सगळं ऐकत होते. मणका दुखतो. जीभ नाही दुखत. एक शब्द नाही.

२० जून
सकाळी काचेवर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. पाणी ठरतच नाही, थेंब थेंब होऊन पळतं आणि मागे मेणचट धुरकट थर राहतो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रविवारची बाटली!

अण्णांच्या मित्राच्या मुलाने दुबईहून आणलेली. काचेला लावली की पाणी थांबत नाही म्हणे. वर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं: फडक्यावर चार थेंब घ्या, पुसा, लगेच कोरड्या फडक्याने घासून काढा. मी वाचूनसुद्धा दाखवलं. अण्णा म्हणाले, चार थेंबानं काय हुतंय. नुकतेच बस्तीत भगवंतांचा अभिषेक करून आले होते. त्याच धोतरात, त्याच हातांनी काचेवर धार धरली. वरून खाली, अगदी सावकाश, दुधाची धरतात तशी. सगळी बाटली. फडकं लावू दिलं नाही, पुण्य पुसलं जाईल जसं काही! उन्हात वाळवली. सासूबाईंनी वर हळदकुंकू लावलं.

काचेवरचा थर त्या बाटलीचाच, असं अण्णांना सांगितलं. तर म्हणतात, "दुबईची हाय ती. तिथली मान्सं काय आंधळी हायत व्हय?"

दुबईत पाऊस पडतो तरी किती, असं विचारलं. टोपी चढवून दुकानाला निघून गेले.

२२ जून
डोकं ठिकाणावर नाही. शिरोळच्या रानाची पाण्याची मोटर अजून नदीकाठीच आहे. पाणी चढायच्या आत ती वर ओढून घ्यायची, हे काम दरवर्षी हे करतात. यंदा डॉ.नी ह्यांना दिवाळीपर्यंत गाडी चालवायची नाही म्हणून बजावलंय. म्हणून तर चैत्रात ह्यांनीच मला शिकवली. मैदानावर फेऱ्या मारताना काय कौतुक चाललं होतं! चार लोकांना थांबवून दाखवत होते.

मोटर गेली तर उसाला पाणी कशाने द्यायचं? आमच्या वाटणीला तेवढंच रान. एस.टी.ने जाते म्हटलं, तर चेनपुली आणि तारेचा दोर डिकीत, ते ओझं एस.टी.त कोण घेणार. अण्णा म्हणतात, मी बघतो. कधी? दुकानातून उठवेल तेव्हा.

गाडीची किल्ली नाही. पण काचेला कुणी कुलूप लावलेलं नाही. साबण झाला, सोडा झाला. काही नाही. रॉकेलने पुसली तर आणखी चिकट. शेजारचे टॅक्सीवाले चाचा म्हणाले, तमाखू घासा वैनी, आम्ही तेच करतो. घासली. पिवळं पाणी गळलं, थर तसाच. दिवसभर हाताला बिडीचा वास. सासूबाई नाकाला पदर लावून फिरतायत.

२५ जून
आज अण्णा स्वतः शिरोळला निघाले. ऐटीत. तासाभरात पाऊस. दुपारच्या आत परत!

उजवा खांदा, उजवा कान, टोपीची उजवी बाजू निथळतीय आणि डावी बाजू कोरडी ठणठणीत. सबंध रस्ता खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकत आले होते. अर्ध्या वाटेवरून फिरले. मोटर तिथंच. काचेतून दिसत नव्हतं का, असं शांतपणे विचारलं. "वाऱ्याचा पाऊस हुता," म्हणाले आणि टॉवेल मागितला. दिला. द्यायला नको होता.

हे हसले, पण भिंतीकडे तोंड करून. माझा संताप संताप झाला. हसायचं तर इकडे तोंड करून हसा की. त्यांना दिसू दे.

किल्ली अण्णांच्याच खिशात.

२६ जून
दात घासायची पांढरी पावडर! ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल घासली. वीतभर जागा केली, पाणी ओतलं. तिथं थेंब झाले नाहीत. पाणी पसरलं. मग काय, डबाच पालथा केला. सासूबाई आल्या, "आता दात कशानं घासायचं गं?" राखुंडीनं, म्हटलं. माझा आवाज चढला होता. चढू दे.

पण वायपरची पाती हाताने फिरवून पाहिली तर घासलेल्या जागेवर पुन्हा तोच पट्टा. रबरातच मुरलीय ती बाटली. रबरं काढून आणली, ह्यांच्या पाठीला लावायचं स्पिरिट घेऊन पुसली. फडकं काळंकुट्ट. ह्यांनी विचारलं, माझं स्पिरिट कुठाय? सांगितलं. गप्प बसले. तेवढं बरं जमतं.

२७ जून
दुसरा डबा. पूर्ण काच. कोपरेसुद्धा. खांदे भरून आलेत, बोटांची सालं गेलीत. शेवटी बादली ओतली. पाणी सरळ एकसंध खाली उतरलं. रबर फिरवलं, पट्टा नाही. मला रडू आलं, रागाने. ज्याने केलं तो दुकानात गादीवर, आणि निस्तरतेय मी, वर तेही चोरीने केल्यासारखं.

हे जिन्याच्या कठड्याला धरत धरत खाली आले. काचेच्या पलीकडून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "आता साफ दिसतंय."

म्हटलं, "मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. तुम्ही अण्णांना सांगा."

"सांगतो," म्हणाले.

२८ जून
दुकानात फोन आला शिरोळहून, गड्याचा. पाणी घाटाच्या पायऱ्या चढतंय. उद्या मोटर काढलीच पाहिजे, नाहीतर...

दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसले. मी वाढत होते. आणि हे बोलले एकदाचे. "अण्णा, गाडीची किल्ली द्या. काच साफ झालीया. हिचा दोष नव्हता त्यात."

माझ्या हातातला डाव थांबला. लग्नाला अकरा वर्षं झाली, अण्णांसमोर माझ्या बाजूने पहिल्यांदा बोलले.

अण्णांनी तोंडातला घास संपवला. किल्ली काढून ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "तुझी गाडी, तुझी बायको. तू बघ."

वाटलं, आता माझ्याकडे देतील. मी हात पदराला पुसलासुद्धा. ह्यांनी किल्ली उचलली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि भात मागितला.

वाढला.

आता पडलेत. किल्ली खिशात, खिशावर हात. उद्याचं काहीच बोलले नाहीत. कुणाला पाठवणार? गाडी चालवणारं घरात आहे कोण, अण्णा आणि मी. बाहेर पावसाने पुन्हा धरलंय.

मी मागणार नाही. अण्णांकडे मागितली नाही, ह्यांच्याकडेही नाही. सकाळी लवकर आवरून गाडीपाशी जाऊन उभी राहणार आहे. उजव्या दाराशी.