एका परवान्यावर एकच पिस्तूल

पलूस, १९ नोव्हेंबर २०२३

ती. राजेश्वरीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी सगळं तीन वाक्यांत गुंडाळते आणि पत्रात मला विचार करावा लागतो, असं तू म्हणालीस म्हणून लिहायला बसले आहे. काम तुझ्याकडेच आहे.

माझा पिस्तुलाचा परवाना मंजूर झाला. आता ३१ जानेवारीच्या आत त्यावर हत्यार चढवायचं आहे, आणि जागा एकाचीच आहे. बापूंना सत्तर पूर्ण झाली, त्यामुळे नियमाप्रमाणे त्यांना त्यांचं पिस्तूल माझ्या नावावर करता येतं. त्यांची तीच इच्छा आहे. सांगलीचा दुकानदार मात्र त्याच पिस्तुलाचं नवं रूप दाखवतो. तो जुन्याला क्लासिक म्हणतो आणि नव्याला मॉडर्न. लांबीरुंदी दोघांची सारखी, पूर्ण मापाची. बापूंचं सगळं पोलादी, मुठीला शिसवाचे दोन तुकडे, वजन एक किलोच्या वर. नव्याचा सांगाडा कसल्याशा प्लास्टिकचा आहे, वजन पाऊण किलो. मुठीचा मागचा भाग तीन मापांत मिळतो, हाताला बसेल तो लावायचा.

माझा कल नव्याकडे आहे, कारण बापूंचं पिस्तूल दगा देतं. सांगलीच्या नेमबाजी क्लबात त्यांच्या समोरच मी ते चालवून बघते. चाप ओढला की घोडा पडतो आणि काही होत नाही. काडतूस बाहेर काढून पाहिलं तर बुडाला नुसता ओरखडा. २१ जानेवारीला क्लबाचा संघ निवडायचा आहे, चौघांचा, आणि मला त्यात यायचंच आहे. असं हत्यार घेऊन मी कशी उभी राहू? पण बापूंना हे सांगितलं की ते लगेच पिस्तूल फडक्यात गुंडाळतात. ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. तू त्यांना लिही की जुनं आता थकलं, पोरीला नवं घेऊ दे.

दूध संघातली नोकरी ठीक चालली आहे. दिवसभर दुधातलं फॅट मोजते.

कळावे. काम सांगायलाच पत्र लिहिलं म्हणून लोभ कमी करू नकोस.
तुझी,
संयोगिता


सातारा, २४ नोव्हेंबर २०२३

चि. संयोगिता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दादाला मी काहीही लिहिणार नाही. थकलं म्हणजे काय? पोलाद थकतं का, कुठे थकतं, कशामुळे थकतं, हे मला कळल्याशिवाय मी सही करत नाही. एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं ते असल्या शिफारशी लिहिण्यासाठी नाही. जुनं ते भक्कम आणि नवं ते खेळणं, हा दादाचा विचार आळशी आहे. नवं ते शहाणं, हा तुझाही तितकाच.

मला पुढील गोष्टी कळव. किती गोळ्यांत किती उडत नाहीत? कोणत्या वेळी? न उडालेलं काडतूस पुन्हा घातलं तर उडतं का? दादा ते कसं साफ करतो, काय उघडतो, काय उघडत नाही? आणि हे दगा देणं कधीपासून? दादा स्वतः चालवायचा तेव्हा देत होतं का? अंदाजाने लिहू नकोस. मोजून लिही. फॅट अंदाजाने लिहितेस का?

मी परवा आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदारांना विचारलं. त्यांनी स्प्रिंग मेली असणार असं एका दमात सांगितलं आणि वर चहा मागितला. स्प्रिंग असेलही. पण चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी त्याच छातीठोकपणे आणखी दोन कारणं दिली, तेव्हा मी त्यांचं मत बाजूला ठेवलं.

इकडे थंडी सुरू झाली आहे. मफलर वापर. वजन घटवू नकोस, एक किलोचं पिस्तूल धरायचं तर दंडात काहीतरी हवं.

लोभ आहेच; त्याचा पुरावा म्हणून उत्तर आठ दिवसांत पाठव.
तुझी आत्या,
राजेश्वरी


पलूस, ४ डिसेंबर २०२३

ती. आत्यास सा. न.

मोजलं. दोन रविवार घालवले, आणि क्लबातले लोक मला मास्तरीण म्हणायला लागले, ते तुझ्यामुळे.

सकाळी साडेसात वाजता वीस गोळ्या घेतल्या, सहा उडाल्या नाहीत. त्याच सहा साडेदहाला पुन्हा घातल्या, सगळ्या उडाल्या. दुपारी एक वाजता नव्या वीस घेतल्या, एकही अडली नाही. मला वाटलं काडतुसं गार पडत असतील. म्हणून पुढच्या रविवारी ती स्वेटरच्या आत खिशात ठेवून नेली. तरीही सकाळी विसातल्या सात अडल्या. दुपारी पुन्हा एकही नाही. आता हे पिस्तूल घड्याळ बघून चालतं की काय, असं मला वाटायला लागलं आहे.

बापू महिन्यातून एकदा नळीतून गज आणि फडकं फिरवतात, वरून पुसतात. आत आरशासारखी नळी आहे. मागचा भाग, जिथे काडतुसाच्या बुडावर आदळणारी पिन असते, तो त्यांनी कधी उघडलेला नाही. ते सैन्यात बिनतारी विभागात होते आणि तिथला त्यांचा नियम असा की जे चालतंय ते उघडायचं न्हाई. स्वतः चालवायचे तेव्हा दगा देत होतं का, हे त्यांना विचारलं. म्हणाले, आठवत न्हाई. गेली पाच वर्षं त्यांनी एकही गोळी झाडलेली नाही. गोळ्या महाग झाल्या म्हणतात.

एक गोष्ट मोजताना लक्षात आली. जुनं उडतं तेव्हा हाताला फार कमी झटका बसतो, वजनच तो खाऊन टाकतं. क्लबाकडचं त्याच नव्या जातीचं पिस्तूल मनगट वर उचलतं. मात्र नव्याची नेम धरायची समोरची माशी ठळक दिसते. जुन्याची माशी म्हणजे खसखशीचा दाणा.

आता सांग, थंडी पोलादाला वाजते का?

उत्तराची वाट बघते. रागावून लिहिलंस तरी मायेनंच वाचीन.
संयोगिता


सातारा, ९ डिसेंबर २०२३

चि. संयोगितास आशीर्वाद.

मोजणी चांगली केलीस. काडतुसं खिशात ठेवून नेणं मला सुचलं नव्हतं, ते तुला सुचलं. शाबास.

थंडी पोलादाला एवढी वाजत नाही. मेलेली स्प्रिंग दुपारी एक वाजता जिवंत होत नाही. म्हणजे आत असं काहीतरी आहे जे गारठ्यात घट्ट होतं आणि उन्हात सुटतं. दोन दिवस मी यावर विचार केला. काल सकाळी न्हायला बसले आणि बाटलीतून खोबरेल निघेना. बाटली उन्हात ठेवावी लागली. तेव्हा मला वहिनी आठवली.

खंडेनवमीला तुमच्या घरी त्या पिस्तुलाची पूजा कशी होते, हे आठवून लिही. खोबरेलच घालता ना? किती, आणि कुठे?

उत्तर होय असेल तर क्लबाच्या कारागिराकडून मागचा भाग उघडून घे. दादाला समोर बसव, त्याच्या माघारी उघडायचं नाही. आणि जी मुलगी रोज आठ तास स्निग्ध पदार्थ मोजते तिला हे आधी का सुचलं नाही, याचा एकांतात विचार कर.

तुझी,
आत्या


पलूस, २० डिसेंबर २०२३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

उत्तर होय आहे.

देवाला घालावी तशी आई त्याला आंघोळच घालायची. हळद, कुंकू, आणि मग घोड्यामागच्या फटीतून खोबरेल, ते पुढून पाझरेपर्यंत. वर्षभर उपाशी असतंय, पोटभर पिऊ दे, असं म्हणायची. मी दहा वर्षांची झाल्यापासून वाटी माझ्या हातात असायची. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी आम्ही दोघं ते तसंच करतो. यंदाही केलं.

क्लबाचे कारागीर आप्पासो यांनी बापूंच्या समोर मागचा भाग उघडला. पिनेच्या भोवती पिवळा लगदा, घट्ट, श्रीखंडासारखा. आप्पासोंनी तो काडीने काढून कागदावर ठेवला आणि विचारलं, आवं बापू, हे पिस्तूल हाय का तेलाचा घाणा? सगळे हसले. बापू हसले नाहीत. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. कशाला, हे मी विचारलं नाही.

साफ करून रविवारी सकाळी सात वाजता, कुडकुडत, चाळीस गोळ्या घेतल्या. चाळीसही उडाल्या. बापूंनी एकेक मोजली. शेवटची उडाल्यावर ते म्हणाले, बघ, त्याचा काय गुन्हा न्हवता.

आणि आत्या, आता मी खरी अडकले आहे. मला ते अजूनही नको आहे. मूठ माझ्या हाताला जाड पडते. बोटाचं टोकच तेवढं चापाला पोचतं, म्हणून ओढताना नळी डावीकडे जाते. चाळीस उडाल्या, पण त्यातल्या सव्वीस डावीकडे गेल्या. शिसवाची मूठ तासून बारीक करता येईल, असं आप्पासो म्हणतात. पण चापाचं अंतर काही कमी होत नाही. नवं दिसायला खोक्यासारखं आहे, त्याच्याकडे बघत बसावंसं कुणाला वाटणार नाही. पण सगळ्यात लहान मूठ लावली की ते माझ्या हाताचं होतं. दगा देतं म्हणून नको, हे सांगणं सोपं होतं. आता बापूंना काय सांगू? तू लिहिशील का?

संयोगिता


सातारा, २४ डिसेंबर २०२३

चि. संयोगितास,

नाही. मी लिहिणार नाही.

तुझ्याकडे निमित्त होतं, ते मी धुऊन टाकलं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पण उरलेलं कारण पहिल्यापेक्षा चांगलं आहे. मूठ हाताला बसत नाही, सव्वीस गोळ्या डावीकडे गेल्या, ही मोजून काढलेली गोष्ट आहे. त्यात कुणाचा अपमान नाही. त्या गोळ्यांनी भोकं पडलेला नेमाचा पुठ्ठा दादापुढे ठेव आणि सरळ सांग. त्याने फडकं गुंडाळायला घेतलं तर तिथून उठू नकोस, एवढंच.

जेवण वेळेवर घे. तुझ्यावर माझा जीव आहे, तो तुझं काम माझ्यावर ढकलण्यासाठी नाही.
आत्या


पलूस, २ जानेवारी २०२४

चि. राजी हिस तानाजीचे आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय मोडली हाय, तवा अक्षराला हसू नको. ते वाकडं का हाय ते खाली कळंल.

परवा जेवणं झाल्यावर पोरीनं पुठ्ठा आणून माझ्या म्होरं ठेवला. म्हणाली, बापू, तुमचं पिस्तूल चांगलं हाय, माझा हात त्येच्या मापाचा न्हाई, मी नवं घेणार. मी फडकं उचललं. ती उठली न्हाई. बसून ऱ्हायली. मग मीच फडकं खाली ठेवलं आणि घे म्हणालो. ती रडली, मी जरा बाहेर जाऊन आलो.

आता तुला म्हणून सांगतो. पाच वर्सं झाली, माझा उजवा हात थरथरतो. आधी चहाच्या कपाला, मग सहीला. गोळ्या महाग झाल्या असं घरात सांगितलं. खरं म्हंजे पुठ्ठाच सापडंना. पिस्तूल पोरीच्या नावावर केलं की तू का चालवत न्हाईस असं कुणी इचारणार न्हाई, म्हणून मी तिच्या मागं लागलो व्हतो. हत्यारावर माया व्हती, न्हाई असं न्हाई. पर निम्मी घाई ह्या हाताची.

तू मला लय ओळखतीस म्हणून लिवलं. पोरीला यातलं कळू देऊ नको. ती आधीच हळवी झालीया. जुनं मी दुकानदाराकडं रीतसर जमा करून येतो.

तब्येत सांभाळ. धाकटी असलीस तरी तुझा मला धाक हाय, तो असाच ऱ्हाऊ दे.
तानाजी


सातारा, ७ जानेवारी २०२४

ती. दादास सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर वाईट आहे, पण लागतं.

मी संयोगिताला कळवणार नाही. तू कळवायचं आहेस. तिने मनातलं सांगायला आठवडा घेतला आणि मला तो जास्त वाटला होता. तू पाच वर्षं घेतलीस. समोर बसून जमत नसेल तर दुसरी तऱ्हा शोध, पण सांग. आणि हात डॉक्टरांना दाखव. थरथरण्याला कारण असतं, ते शोधून काढता येतं. ते न शोधता हात खिशात घालून हिंडणं तुला शोभत नाही.

मी फेब्रुवारीत येते आहे. तोवर डॉक्टरांचा कागद तयार ठेव.

धाक आहे म्हणतोस, तर तो वापरते आहे. लोभ त्याच्या खालीच आहे.
राजी


पलूस, २२ जानेवारी २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

काल निवड झाली. मी पाचवी आले. चौथ्यापेक्षा दोन गुण कमी पडले. राखीव म्हणून नाव लागलं आहे. वाईट वाटलं, पण रडले नाही. नवं पिस्तूल हातात येऊन दहाच दिवस झालेत, आणि त्याचा झटका अजून माझ्या मनगटाला नीट कळलेला नाही. गोळ्या मात्र डावीकडे गेल्या नाहीत.

बापू सोबत होते. पहाटे स्कूटीवर माझ्या मागे बसून आले. भिलवडीच्या पुढे गेल्यावर त्यांनी मागूनच, माझ्या पाठीला, हाताचं सगळं सांगितलं. मी गाडी थांबवायला लागले तर म्हणाले, थांबवू नको, चालू दे. पुढं बघून ऐक. म्हणून मी पुढे बघत सांगलीपर्यंत आले. गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुला हे आधीच माहीत होतं, असंही ते म्हणाले. त्याबद्दल मी तुझ्याशी फेब्रुवारीत भांडेन.

क्लबात तिपाईवर बसवलेली मोठी दुर्बीण असते, लांबचा पुठ्ठा बघायला. ती धरावी लागत नाही. बापू तिच्यामागे खुर्ची टाकून बसले आणि माझी गोळी कुठे लागली ते प्रत्येक वेळी सांगत राहिले. थोड्या वेळाने बाकीचेही त्यांनाच विचारायला लागले. दर रविवारी या, असं आप्पासोंनी त्यांना सांगितलं आहे.

मधे माझ्या तीन गोळ्या लागोपाठ खाली गेल्या. दुसऱ्या फेरीच्या आधी बापू जवळ आले आणि म्हणाले, तुझा हात हलतोय, श्वास सोड आणि मग दाब. मी विचारलं, तुम्ही तर दुर्बिणीतून पुठ्ठा बघत होता, माझा हात कवा बघितलात? ते म्हणाले, त्येला बघावं लागत न्हाई, हललेला हात मला आता पुठ्ठ्यावरनं वळखू येतो. मग त्यांनी आपला हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर माझ्या मनगटाखाली धरून दाखवला, कुठं धरायचं ते.

तू ये. मायेने ये, आणि रागावायचं असेल तर तेही घेऊन ये.
तुझी,
संयोगिता