अकरा वाजेपर्यंतचा चेहरा

४ मार्च, मंगळवार

रंग टिकत नाही. सकाळी आठला लावते आणि अकरापर्यंत नाकाच्या दोन्ही बाजूंनी तेल सुटतं. मग गालावरचं निळं हळूहळू वर येतं. चष्म्याचं दुकान – जिकडे वळावं तिकडे आरसा! गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवायची तर त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर. आज एका आजोबांनी नवा चष्मा घातला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, सगळं कसं लख्ख दिसतंय. मी मागच्या खोलीत जाऊन पुन्हा थापलं.

हे निळं रविवारचं. शर्टाला इस्त्री नव्हती म्हणून. इस्त्री होती. नवऱ्याला दुसरा शर्ट हवा होता.

५ मार्च

पाच वेळा तोंड धुतलं. आणखीच तेलकट.

७ मार्च, शुक्रवार

दुकानात डोळे तपासणारी आहे, तिला विचारलं. म्हणाली, साबणानं इतकं घासशील तर कातडी दुप्पट तेल सोडणारच. दोनदाच धुवायचं, कोमट पाण्यानं. पर्समध्ये टिपकागद ठेवायचा. पुसायचं नाही, टिपायचं. लिंबू तर अजिबात नको, चिरलेल्या ओठाला झोंबेल. ओठ चिरलाय हे मी सांगितलं नव्हतं. मग मीच म्हटलं, कपाटाचं दार लागलं.

ती म्हणाली, "तुमच्या घरातली दारं फार मारकुटी दिसतात."

हसले. हसताना ओठ पुन्हा उलला.

९ मार्च, रविवार

तो बाहेर गेल्यावर सासूबाईंनी मला खिडकीपाशी बसवलं. डाळीचं पीठ दह्यात कालवून लावलं, वाळायच्या आत धुतलं. मग आज पहिल्यांदाच त्यांनी त्यांच्या कपाटातून एक नारिंगी कांडी काढली. निळ्यावर आधी नारिंगी, मग वर कातडीचा रंग – म्हणजे निळं मरतं. शेवटी पावडर, चोळायची नाही, दाबायची.

हे सगळं त्यांना कसं माहीत, ते विचारावं लागलं नाही. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, पण सासूबाईंचा डावा खांदा अजून वर जात नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी," एवढंच म्हणाल्या. बोटं इतकी हलकी की डोळे मिटले. दोन वर्षं हीच बोटं माझा चेहरा सारवतायत. त्याचा हात धरायला एकदाही पुढे आली नाहीत. वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. मायेनं करतात.

१२ मार्च

टिकलं! संध्याकाळी सहापर्यंत. मालक म्हणाले, तब्येत सुधारलेली दिसते.

१३ मार्च

त्यालाही दिसलं. कुणासाठी एवढी नटतेस, म्हणाला. पोटात दोन, बरगडीवर एक. पोटाला रंग लावावा लागत नाही, तेवढंच बरं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो अक्षरशः – दुसरा हात माझ्या तोंडावर होता.

१९ मार्च, बुधवार. रुग्णालय

एका डोळ्यानं लिहितेय. ओळी तिरक्या जातायत.

रविवारी सकाळी वाफ घ्यायला बसले होते. पातेलं नुकतंच उतरवलेलं, डोक्यावर टॉवेल. रंध्रं मोकळी झाली की तेल निघून जातं, म्हणून. फोन वाजला. डोळे तपासणारीचा होता. त्यानं उचलला, ऐकलं, ठेवला. काय सांगत असतेस तिला, म्हणाला. मी टॉवेलाच्या आतूनच म्हटलं, काही नाही.

मानेवर हात आला. मला वाटलं, टॉवेल ओढतोय.

दाबलं.

किती वेळ, सांगता येणार नाही. किंकाळी फोडायला तोंड उघडलं आणि पाणी आत गेलं. हात झाडले तसं पातेलं उलटलं, त्याच्या पायावर. तो ओरडला. मी खाली पडले होते तर भाजलेल्या पायानंच लाथा घातल्या. दारात सासूबाई उभ्या होत्या.

त्यांनीच मला फरफटत नळाखाली नेलं. त्यांनीच गाडी बोलावली. आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मी ओठ हलवायच्या आत त्याच म्हणाल्या, "वाफ घेताना पातेलं कलंडलं."

मी मान हलवली. डॉक्टरीणबाई त्याच मानेकडे बघत होत्या. मागे चार बोटं, पुढे अंगठा. तिथे कुणी रंग लावला नव्हता.

२० मार्च

चेहऱ्याला काहीही लावायचं नाही. महिनोन्महिने.

२१ मार्च, शुक्रवार

सासूबाई पेज घेऊन आल्या. चमच्यानं भरवली. मी विचारलं, "आई, दारात कधीपासून उभ्या होतात?"

चमचा वाटीत ठेवला. माझ्या हनुवटीवरचा ओघळ पुसायला हात पुढे केला, पण तिथे सालडं निघालंय, शिवता येत नाही. हात तसाच राहिला. मग उठून गेल्या. वाटी इथेच.

२२ मार्च

तो आला. लंगडत, केळी घेऊन. परिचारिकेसमोर डोळ्यांत पाणी. ती वळल्यावर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "पातेलं कलंडलं. आईसुद्धा तेच सांगणार आहे."

अंथरूण ओलं झालं. या वयात.

२३ मार्च

कुणी आलं नाही.

२४ मार्च, सोमवार

पोलीसबाई आल्या. सासूबाई काल एकट्याच चौकीत गेल्या होत्या. जबाब वाचून दाखवला: पातेलं कलंडलं नाही. माझ्या मुलानं तिचं तोंड पाण्यात दाबलं. मी पहिल्यापासून दारात होते. दोन वर्षं तिचा मार झाकायला मीच शिकवलं, तेही लिहा.

खाली सही होती. मी माझा जबाब सांगायला सुरुवात केली.