उजवी वेणी

मंगळवार, संध्याकाळ

शाळेला दोन वेण्या लागतात. डावी माझी मी घालते, उजवी सायली घालते, स्टॉपवर, बस येईस्तोवर. पाचवीपासून हे असंच हाय. आज बघते तर ती रियाच्या वेण्या घालतीया! रिया म्हणजे सायलीच्या घरी आलेल्या नव्या भाडेकरूंची पोरगी.

"थांब की, हिचं झालं की तुझी घालते," सायली म्हणली.

"मला न्हाई घालायची," म्हणलं मी. एका वेणीवरच शाळेत गेले. बाई सगळ्यांसमोर बोलल्या.

रियाचे केस लई मऊ हायेत म्हणं. असतील! माझा काय काथ्या हाय?

आई म्हणली, उद्या दोन्ही मी घालते. नको म्हणलं. बाई बोलू देत, उद्यापण उजवीकडचे केस मोकळेच ठेवणार.

रिबीन तेवढी खिशात ठेवलीय.